उलटी रांग

"ह्यो बाटल्यो उलट्यो कित्याक लावलास गो?" हातातला झाडू भिंतीला टेकवत द्वारकाकाकीनं विचारलं.

मी खिडकीतल्या फळीकडे पाहिलं. अकरा बाटल्या, अकरा लेबलं, सगळी बुचं वर आणि सगळे तळ खाली. उलटं काहीच दिसेना.

"बरोबर आहेत की काकी. लहानापासून मोठ्यापर्यंत लावल्यात."

"तांच सांगतंय मा! मोठो दिसता तो बारको, नि बारको दिसता तो मोठो. उलट्यो लावलास." एवढं बोलून तिनं झाडू उचलला आणि ती व्हरांडा झाडायला गेली.

ही गोष्ट १९६८ सालच्या नोव्हेंबरातली. मालवणच्या दक्षिणेला समुद्राकडे पाठ करून बांधलेल्या एका कौलारू बंगल्यात आमचं संशोधन केंद्र होतं. केंद्र म्हणजे डॉ. वाळिंबे, एक सूक्ष्मदर्शक, एक टाइपरायटर आणि मी. मी शालन मेहेंदळे, सांगलीची, वय चोवीस, माशांवर डॉक्टरेट करायला आलेली. आमच्या घरात मासा फक्त पंचांगात सापडायचा, मीन राशीच्या चित्रात. निघताना आई म्हणाली होती, "शिकायला दुसरं काही उरलंच नव्हतं का गं?" आणि डोळे पुसत तिनं बरोबर मेतकुटाची बरणी दिली होती.

द्वारका जुवाटकर पन्नाशीची होती. सकाळी ती रापणीवर जायची. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून दोन टोकांनी ओढायचं लांबलचक जाळं. सगळी वाडी ते ओढायला लागते. वाट्याला आलेले मासे विकून झाले, की काकी नऊच्या सुमाराला केंद्रात झाडलोट करायला यायची. जाळ्यात काही विचित्र अडकलं असेल तर ते डब्यात घालून आणायची. त्या अकरा बाटल्यांतला जीव न् जीव तिनंच आणलेला होता.

रांगेच्या डाव्या टोकाला बोटाएवढे, गोल अंगाचे, काळसर मासे होते. ती वामीची पिल्लं आहेत, हे कोणीही सांगितलं असतं. वाम म्हणजे बाजारात माणसाच्या उंचीएवढी मिळते ती, सापासारखी. उजव्या टोकाला मात्र अजब चीज होती. साडेअकरा सेंटिमीटर लांब, पतंगाच्या जिलेटिन कागदासारखी चपटी पट्टी. तिला रक्त नाही, रंग नाही, फक्त दोन काळे डोळे. वर्तमानपत्रावर ठेवली तर खालची बातमी वाचता यायची. वामीच्या जातीचे मासे लहानपणी असेच पारदर्शक असतात आणि मग पालटतात, हे पुस्तकात होतंच. प्रश्न एवढाच होता, की ही पोरं कोणाची?

वाळिंबे सरांनी तो प्रश्न दुपारच्या चहाच्या आत सोडवला होता.

"मेहेंदळे, साधा हिशेब आहे," ते म्हणाले होते. "वामीचं पिल्लू सात सेंटिमीटरलाच काळं होतं, गोल होतं. हे साडेअकराचं झालं तरी अजून काचेसारखं. म्हणजे हे वामीचं नाही. आजवर कोणी न नोंदलेल्या जातीचं आहे."

"पण सर, मधल्या बाटल्यांतले नऊ सेंटिमीटरचे? ते अर्धवट जाड, अर्धवट पारदर्शक दिसतात."

"तुम्ही फॉर्मलिन जास्त घातलं असेल."

घातलं असेलही. आमच्याकडे आलेला प्रत्येक जीव दहा मिनिटांत फॉर्मलिनमध्ये जायचा. सरांची शिस्तच होती तशी. केंद्राला सहा वर्षं झाली होती आणि तिथल्या कोणीही मासा दुसऱ्या दिवशी जिवंत पाहिला नव्हता.

नव्या जातीचा निबंध सरांनी मला एकटीच्या नावावर लिहायला सांगितला. कोचीनच्या परिषदेत तो मीच वाचायचा होता. गुरूनं शिष्येला एवढं द्यावं! मी आईला चार पानी पत्र लिहिलं. सरांचं मन किती मोठं आहे हे तिनं शेजारीपाजारी सांगितलं. उलगडा आठवड्यानंतर झाला. सर म्हणाले, "जातीला नाव द्यावं लागेल. आपल्या शास्त्रात एक संकेत आहे, मेहेंदळे. शोधणाऱ्यानं स्वतःचं नाव द्यायचं नसतं. फार हलकं दिसतं ते. दुसऱ्यानं दिलं तर चालतं." मग खिडकीबाहेर पाहत ते म्हणाले, "लॅटिनमध्ये 'वाळिंबेई' असं रूप होईल. बघा, सुचवतो आपलं."

मी लगेच टाइप केलं. मला त्यात काही वाईट वाटलं नाही. निबंध छापून आला की डॉक्टरेट, डॉक्टरेट झाली की केंद्रात कायमची नोकरी, आणि नोकरी झाली की सांगलीला येणाऱ्या स्थळांना नकार देता येणार होता. तेवढ्यासाठी मी माशाला वाळिंब्यांच्या आजोबांचंही नाव दिलं असतं.

आणि आता ही बाई बाटल्या उलट्या म्हणत होती.

मी व्हरांड्यात गेले. "काकी, मघाशी काय म्हणालीस ते नीट सांग."

"काय सांगाचां? तां सगळां एकच आसा. वामीचां पिल्लू."

"तुला कसं ठाऊक?"

काकी पायरीवर बसली. "मी चेडू होतंय, सात-आठ वर्सांचा. रापणीत ही काचेसारखी पोरां गावायची. ती कोण खाता? म्हणान टाकून देयत. मी दोन घेतलंय नि खडपातल्या डबक्यात सोडलंय. रोज बगूक जाय. बगतंय तर काय, रोज बारकी! आज येवढी, उद्या तेच्यापेक्षा बारकी. मी रडाक लागलंय. आवशीक म्हटलंय, माझो मासो उपाशी मरता. आवस हसली. म्हणाली, 'रडा नको गो, तो मरणा नाय, तो मोठो जाता.'"

"मोठा होता होता लहान? असं तुझी आई म्हणाली?"

"व्हय तर. अदी लांब नि पातळ, आरपार दिसता. मगे अंग धरता, बारकी जाता, काळी जाता. थयसून पुढे खरी वाम." तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मासो खाणा नाय नि मासो शिकता! तुका कळतला कसां?"

"तुम्ही काय म्हणता त्या पट्टीला?"

"नाव नाय तेका. खातत तेकाच नाव."

मी आत जाऊन पुस्तक उघडलं. युरोपातल्या गोड्या पाण्याच्या, वामीसारख्याच एका माशाबद्दल लिहिलं होतं, की पालटताना त्याचं पिल्लू किंचित आखडतं. किंचित म्हणजे सेंटिमीटर, फार तर थोडं जास्त. साडेअकराचं सात कुठेच नव्हतं. मी पुस्तक मिटलं आणि हायसं वाटून घेतलं. पण त्या दिवशी जेवण झाल्यावर ते पुन्हा उघडलं.

दुसऱ्या दिवशी मी काकीला म्हटलं, "रापणीत जिवंत पट्ट्या मिळाल्या तर केंद्रात आणू नकोस. तुझ्या घरी ठेव."

"सरांक सांगाचां नाय?"

"नाही."

तिला ते एकदम पसंत पडलं. तिनं मातीचा एक डेरा धुऊन दारापुढच्या माटवाखाली, म्हणजे मांडवाखाली, सावलीत ठेवला, तळाशी वाळू घातली आणि त्यात तीन पट्ट्या सोडल्या. भरतीच्या वेळी ती स्वतः कमरेएवढ्या पाण्यात जाऊन स्वच्छ पाणी आणायची आणि डेऱ्यातलं बदलायची. निबंध पोस्टात टाकायला अठरा दिवस होते.

रोज संध्याकाळी मी फिरायला जाते असं सांगून काकीकडे जायचे. पांढऱ्या थाळीत दोन बोटं पाणी घेऊन पट्टी हळूच त्यात सोडायची आणि खाली मोजपट्टी धरायची. पहिल्या दिवशी तिन्ही साडेअकराच्या आसपास. चौथ्या दिवशी एक मेली. उरलेल्या दोन दहा पूर्णांक सहा दशांश.

"मी चुकीचं मोजलं असेल," मी म्हटलं.

"आसात," काकी म्हणाली. "परत मोज."

परत मोजलं, तेवढंच आलं. आठव्या दिवशी नऊ भरली. अंग जाड झालं होतं आणि पाठीवर करडी रेघ उठली होती. माझ्या फॉर्मलिननं बिघडलेल्या म्हणून ज्या मधल्या बाटल्या सरांनी हिशेबातून काढल्या होत्या, त्यांतला मासा थाळीत पोहत होता.

मला रडू आलं. काकी वडे तळत होती. तिनं चुलीपुढून विचारलं, "काय झाला?"

"काकी, हा माझा मासा दिवसागणिक आखडतोय आणि त्याच्याबरोबर माझी नोकरीही."

"माझ्या आवशीन सांगला तांच सांगतंय. रडा नको." तिनं माझ्यापुढे दोन वडे ठेवले. "ह्यां सगळां कागदार लिवतलंस मा?"

"लिहावं तर लागेलच."

"मगे माझां नाव घाल. द्वारका रामा जुवाटकर." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "इतकी वर्सां मासे इकलंय. कागदार माझां नाव खंयच नाय. रेशनकार्डार पण घोवाचां, नि तो दर्यात गेलो तेका धा वर्सां झाली. छापील अक्षरात असां एकदा बगूचां आसा माका."

"घालेन की! पहिलं तुझंच घालेन," मी म्हटलं, आणि अगदी मनापासून म्हटलं.

चौदाव्या दिवशी डेऱ्यात सात पूर्णांक दोन दशांश सेंटिमीटरची दोन काळीभोर, गोल अंगाची, चपळ वामीची पिल्लं होती. मला पाहून ती वाळूत शिरली.

पण काकीचा डेरा शास्त्रात पुरावा म्हणून धरत नाहीत. पुरावा असतो मणक्यांचा. मासा आखडो वा वाढो, त्याच्या पाठीतले मणके जन्माचे ठरलेले असतात. पट्टीच्या अंगावर त्याच हिशेबानं बारीक बारीक कप्पे असतात, ते सुई धरून मोजता येतात. मी अकराही बाटल्या उघडल्या. पारदर्शक पिल्लांचे कप्पे मोजले. काळी होती ती औषधात घालून पुन्हा पारदर्शक केली आणि हाडांना लाल रंग चढवून मणके मोजले. एकशे एकोणपन्नास, एकशे एकावन्न, एकशे पन्नास, एकशे बावन्न. डावं टोक घ्या की उजवं, सगळी एकाच घरातली.

"आता मोठ्या वामीचा काटा हवा," मी काकीला म्हटलं. "अख्खा."

दुसऱ्या दिवशी तिनं केळीच्या पानात गुंडाळून आणला. वाडीत आदल्या दिवशी कोणाकडे तरी पाहुणे होते. काट्याला तिरफळांचा आणि नारळाच्या रसाचा वास येत होता. सांगलीच्या मेहेंदळ्यांच्या सात पिढ्यांत कोणी केलं नसेल ते मी केलं. उकडलेल्या माशाचा मणका न् मणका बोटांनी सुटा करून टेबलावर दहादहाचे ढीग लावले. पंधरा ढीग झाले आणि वर एक मणका उरला.

तेवढ्यात वाळिंबे सर आत आले. त्यांनी नाक आक्रसलं.

"मेहेंदळे, हे काय?"

"वाम आहे, सर. एकशे एकावन्न. आपल्या नव्या जातीएवढीच."

मी सगळं सांगितलं. सर उभ्यानंच ऐकत होते. मग म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं मी मासे मोजतोय. वाढता वाढता निम्म्यावर आलेला एकही पाहिला नाही. निवृत्त झालेले सोडून."

"मी पाहिला, सर. रोज मोजला."

"त्या बाईनं डेऱ्यातले मासे बदलले नसतील कशावरून?"

दारात काकी उभी होती. तिनं झाडू खाली ठेवला. "मी मासे बदलूक? माका काय त्या तुमच्या लॅटिनात नाव व्हया होता?"

सरांचे कान लाल झाले. संकेताची गोष्ट मीच काकीला सांगितली होती, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी वाकून ते पंधरा ढीग स्वतः मोजले. माणूस पोकळ होता, पण खोटा नव्हता. मोजलेलं त्यांना नाकारता येत नसे. शेवटी म्हणाले, "निबंध तुमच्या एकटीच्या नावावर आहे. काय वाचायचं ते तुम्ही ठरवा. हसं झालं तर तुमचंच होईल."

असं ते मोठं मन. मी नवा निबंध लिहिला. 'वाळिंबेई' खोडलं आणि त्या जागी वाम आली. त्याच संध्याकाळी काकीनं डेरा डोक्यावर घेतला आणि दोन्ही पिल्लं खाडीच्या तोंडाशी नेऊन सोडली. "जा, मोठी जाऊन परत येवा. माझ्याच रापणीत येवा," ती त्यांना म्हणाली.

कोचीनला मी निबंध वाचला तेव्हा सर अगदी मागच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. तिथून लवकर उठता येतं. वाचून झाल्यावर मी कागद गोळा केले. मग डॉ. वर्की नावाच्या केरळच्या एक वयस्क बाई उठल्या. त्या विषयात त्यांच्या शब्दावर शब्द नव्हता. त्या म्हणाल्या, "आम्ही सगळे तीस वर्षं ही रांग उलटी लावत होतो. तीन दिवसांत ऐकलेला हा सर्वांत चांगला निबंध."

टाळ्या थांबायच्या आत सर दारापासून व्यासपीठापर्यंत आले होते. "आम्हाला पहिल्यापासूनच शंका होती," त्यांनी माइकवर सांगितलं.

चार महिन्यांनी निबंध छापून आला. लेखक: वाळिंबे आणि मेहेंदळे. चुकीचा होता तोवर माझा एकटीचा होता. बरोबर निघाला तेव्हा मी दुसरी झाले. सरांचा हा किस्सा मी पुढे तीस-पस्तीस वर्षं सांगत आले आहे. विद्यार्थ्यांना तो फार आवडायचा. सांगतानाही मजा येते, कारण त्यात हसायला सर आहेत.

एक गोष्ट मात्र मी त्यात कधी घातली नाही, ती इथे सांगते.

निबंधाच्या शेवटी आभारांचा परिच्छेद असतो. तो सरांनी लिहिला नव्हता, मी लिहिला होता. सरांनी त्यातला एक शब्दही बदलला नाही. त्यात केंद्राला पैसे पुरवणाऱ्या सरकारी खात्याचे आभार होते, डॉ. वर्कींचे होते, चित्रं काढून देणाऱ्या ड्रॉइंग मास्तरांचे होते, टाइपरायटर दुरुस्त करणाऱ्याचेही नावानिशी होते. आणि शेवटी 'नमुने पुरवल्याबद्दल स्थानिक मच्छीमारांचे' होते.

काकीचं नाव मी लिहिलं होतं. पहिल्या मसुद्यात, पहिल्याच ओळीत. मग वाटलं, हिनं मला सांगितलं असं लिहिलं तर मी शोधलं काय? झाडणाऱ्या बाईनं सांगितलं आणि मी मोजपट्टी धरली, एवढंच लोक म्हणतील. पहिला मान सरांनी नेलाच होता. उरलेला अर्धा मला कोणाबरोबर वाटून घ्यायचा नव्हता. मी ती ओळ खोडली. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी अडवलं नव्हतं. माझ्या हातानं खोडली.

निबंधाच्या प्रती आल्या त्या दिवशी काकी हात धुऊन, पदराला पुसून टेबलाशी आली. तिला इंग्रजी काय, मराठीही वाचता येत नव्हतं.

"खंय आसा माझां नाव? बोट लाव."

सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण ती पानाकडे अशी बघत होती, की माझं बोट पुढे गेलं आणि शीर्षकाखालच्या ओळीत, दुसऱ्या नावावर टेकलं. माझ्याच नावावर.

"हे बघ. इथे."

तिनं त्यावरून अंगठा फिरवला. "बारक्या अक्षरात लिवल्यानी."

"असंच लिहितात काकी."

"आसूं दे," ती म्हणाली. "एक कागद माका देतलंस?"

मी दिला. तिनं तो भिजू नये म्हणून केळीच्या पानात गुंडाळून नेला. पुढच्या वर्षी मला डॉक्टरेट मिळाली, पण मी केंद्रात राहिले नाही. पुण्याला कॉलेजात नोकरी धरली. लोकांना सांगितलं, सरांशी पटलं नाही. ते खरंही होतं. पण रोज सकाळी नऊ वाजता झाडू घेऊन कोण येतं, त्याची मला सरांपेक्षा जास्त भीती बसली होती.

२००४ साली मी विभागप्रमुख म्हणून निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात मी बाटल्यांच्या रांगेची गोष्ट सांगितली. "एक कोळीण मला म्हणाली," असं म्हणून काकीचं वाक्य मी मालवणीत म्हणून दाखवलं. मोठा हशा झाला. द्वारका ही 'एक कोळीण' कधीच नव्हती, गाबीत समाजातली होती, आणि तिला स्वतःचं नावही होतं. घरी आल्यावर मला हारांचा वास सहन होईना. दोन दिवसांनी मी मालवणची एसटी पकडली.

काकीच्या घराला आता स्लॅब होता. माटव तसाच होता. दारात पन्नाशीची एक बाई आली, केसांत अबोली, डोळ्यांवर चष्मा.

"द्वारका जुवाटकर इथेच राहायच्या ना?"

"माझ्यो सासूबाई. त्यांका जावन सहा वर्सां झाली," ती म्हणाली. "येवा, बसा. मी सुलक्षणा. हयसरच्या शाळेत शिकवतंय."

ती पाणी आणायला आत गेली आणि मी भिंतीकडे पाहिलं. रामा जुवाटकरांच्या फोटोशेजारी एक फ्रेम होती. काचेमागे पिवळा पडलेला छापील कागद, निबंधाचं पहिलं पान. शीर्षकाखालच्या ओळीत काचेवर कुंकवाचा जाड थर होता. 'वाळिंबे आणि' एवढं वाचता येत होतं. पुढचं नाव कुंकवाखाली पूर्ण गेलं होतं.

"तां सासूबाईंचां," पाण्याचा तांब्या ठेवत सुलक्षणा म्हणाली. "नारळी पौर्णिमेक दर्यार नारळ देऊन इली काय थय कुंकू लावायच्यो. आता मी लावतंय."

मी फ्रेमकडे बोट केलं. "काय आहे ते?"

"कोण एक बाई शिकूक इली होती पूर्वी. तिना म्हणे सासूबाईंचां नाव छापल्यान. मी लग्न होवन इलंय, तेव्हा वाचलंय. म्हटलंय, 'आये, हयसर तुमचां नाव नाय. ह्यां त्या बाईचांच नाव आसा.' माका वाटला, आता रागावतल्यो."

"मग?"

"हसल्यो. म्हणाल्यो, 'ठावक आसा माका. बोट लावताना तिचो हात कापी होतो.'"

बाहेर कोणीतरी मासळीची टोपली उतरवली.

"मी इचारलंय, मगे कुंकू कित्याक लावतास? तर म्हणाल्यो, 'ती अजून लांब नि पातळ आसा. आरपार दिसता. बारकी होवंदे. मगे येतली.'" सुलक्षणानं खांदे उडवले. "माका काय तेचो अर्थ कळलो नाय. तुमका कळलो?"

मी उठून भिंतीवरची फ्रेम उतरवली. फ्रेमच्या मागे चार खिळे वाकवून बसवलेले होते.

"तुमी कोण तां सांगलासच नाय," ती म्हणाली.

"सांगते," मी म्हटलं. "आधी ही काच निघते का बघ. कुंकू पुसू नकोस. आणि मला एक पेन दे. एक नाव लिहायचं राहिलंय."